आवाज घेतला, वादक पुसला

१४ एप्रिलला बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव कुठेही मिरवणुकीत उभे राहा. डीजेवर भीमगीत आणि त्याखाली डफड्याचा ठेका धडधडत असतो. वाजवणारा मात्र तिथे नसतो. कुणीतरी वाजवले, कुणीतरी रेकॉर्ड केले, संगणकावर तुकडे पाडले, वेग वाढवला, बेस फुगवला. आम्ही त्यावर नाचतो. वाजवणाऱ्याचे नाव आम्हाला माहीत असते का?

खरा आवाज मुद्रित करून, मोडून-तोडून नवे संगीत घडवण्याची ही रीत जुनी आहे. १९४४ मध्ये कैरोतील हलीम अल-दाब या तरुणाने तारेवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र रेडिओ केंद्रातून उसने आणले. झार या विधीत गाणाऱ्या बायकांचे आवाज टिपले आणि मूळ सूर काढून फक्त घुमारा ठेवला. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाडीच्या आवाजांतून रचना केली. जनक म्हणून बहुतेकदा शेफरच सांगितले जातात. अल-दाब मागे पडतात आणि त्या बायका तर हिशेबातच नाहीत.

शेफर यांचा विचार असा की, आवाज कुठून आला ते विसरा, फक्त आवाज ऐका. जातीच्या समाजात हा विचार दुधारी आहे. गावगाड्यात डफडं वाजवणे ही मातंग समाजावर लादलेली चाकरी होती. तो आवाज जातीच्या कलंकातून सुटत असेल तर स्वागतच. पण आवाजाबरोबर माणूसही विसरला गेला तर ती जुनीच लूट आहे.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी डॅनिअल हॅम या काळ्या तरुणाला मारहाण केली. रक्त दिसल्याशिवाय दवाखान्यात नेणार नाहीत, म्हणून त्याने स्वतःची सुजलेली जखम दाबून रक्त काढले. त्याच्या तोंडची ही हकीकत टेपवर होती. १९६६ मध्ये स्टीव्ह राइश यांनी त्यातले चार-पाच शब्द घेऊन, ते पुन्हा पुन्हा फिरवून ‘कम आउट’ ही रचना केली. शेवटी शब्द कळेनासे होतात, नुसता गुंजारव उरतो. ती रचना त्या तरुणांच्या फेरखटल्यासाठी निधी उभारण्याच्या कार्यक्रमाकरिता होती, हे आम्ही नाकारत नाही. पण राइश जगप्रसिद्ध झाले. हॅम किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला, इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग झाले. त्या टेप २०२३ मध्ये प्रकाशित होऊ शकल्या, कारण संस्थेने त्या जपल्या होत्या. भीमराव कर्डकांच्या जलशांचे, वामनदादांच्या मैफलींचे किती ध्वनिमुद्रण आपण जपले?

काही मित्र म्हणतील, डीजेमुळेच तर गाणी घराघरात गेली. खरे आहे. यंत्राला बाबासाहेबांचाही विरोध नव्हता. दोष यंत्रात नसून चुकीच्या समाजरचनेत आहे, हीच त्यांची मांडणी. म्हणून यंत्र आपल्या हाती आल्यावर आपली जबाबदारी वाढते. गावकीची कामे टाकून धम्माकडे आलेल्या आम्ही बौद्धांनी मातंग भावाचा ठेका विनानाव वापरला, तर आम्ही कोणती समता सांगतो?

म्हणून प्रत्येक गावातील शाखेने यंदा एवढे तरी करावे. म्हाताऱ्या गायकांचे, डफडं वाजवणाऱ्यांचे आवाज मोबाईलवर मुद्रित करा. फाईलला त्यांचे नाव, गाव, तारीख द्या. मिक्स करणाऱ्याने त्यांची परवानगी घ्यावी, मानधन द्यावे, आणि मिरवणुकीत ते नाव माईकवरून पुकारावे.

जय भीम!