नऊ महिन्यांचा वायदा

दिवाळीच्या बाजारासाठी नव्या पेठेत गेलो, की परतताना मी हुतात्मा बागेत घटकाभर टेकतो. १९३० च्या ऐन मे महिन्यात सोलापुरावर लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. संक्रांत अवघ्या दोन दिवसांवर आलेली. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याचे ते दिवस. तिळगुळाच्या तोंडावर चार घरांत आकांत!

असले दुःख माणसांनी सोसावे कसे? आमच्याच गावचे कवी कुंजविहारी यांच्या एका गीतात फासावर जाणारा मुलगा आईला नऊ महिन्यांनी पुन्हा भेटण्याचे वचन देतो. जानेवारीत नऊ महिने मिळवले, की ऑक्टोबर येतो. त्याच सुमारास घट बसतात, मातीतले धान्य अंकुरते. मुलगा काही परतत नाही, हे आईही जाणते. परंतु दुःखाला वाट पाहण्यासाठी एक ऋतू मिळतो.

वाचकहो, यंदा ज्या घरी सण नाही, तिथेही मूठभर धान्य पेरावे. गाता येईल तेव्हा गावे.