वाटा समुद्राच्या आणि अंतराळाच्या

वसईच्या किल्ल्याचा समुद्राकडचा दरवाजा पाहताना मला नेहमी वाटते, पोर्तुगीजांचे खरे बळ या दगडी तटात नव्हते, ते बाहेरच्या पाण्यावर होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई त्यांना मिळाली. समुद्र कुणाच्या बापाचा नव्हता. पण त्यावरून जायचे तर पोर्तुगीजांचा परवाना लागे. त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. हजला जाणारी जहाजेही त्यातून सुटत नसत. १६१३ मध्ये तर जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहीमी’ जहाज परवाना असूनही त्यांनी पकडले.

अशा सत्तेचे मर्म ब्रिटिश अभ्यासक ज्युलियन कॉर्बेट यांनी १९११ मध्ये सांगितले. जमीन जिंकून राखता येते, समुद्र नाही. समुद्रावरची सत्ता म्हणजे तिथल्या वाटांवरची सत्ता.

आज युद्धशास्त्राचे अभ्यासक हाच विचार अंतराळाला लावतात. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला तिथे मालकी सांगता येत नाही. पण उपग्रहांच्या कक्षा या वाटाच आहेत. पाचूबंदर-अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना मिळणारी वादळाची सूचना उपग्रहांच्या भरवशावरच दिली जाते. ती वाट कुणी अडवली तर?

मात्र ही तुलना एका ठिकाणी तुटते. फुटलेले जहाज तळाशी जाते आणि वाट मोकळी होते. फुटलेला उपग्रह बुडत नाही. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपलाच जुना हवामान उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर फोडला. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले. कित्येक अजून फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’साठी सुमारे ३०० किलोमीटरची उंची निवडली, ती तुकडे लवकर खाली यावेत म्हणूनच. तरी काही तुकडे वर फेकले गेले आणि बराच काळ फिरत राहिले.

चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडून मे १७३९ मध्ये वसई घेतली. त्याच किल्ल्यात मग मराठ्यांचा अंमल बसला. अंतराळात सुरुंग उडवणाऱ्याला मात्र जिंकलेली जागा वापरता येणार नाही; तुकडे त्याच्याही उपग्रहांवर आदळतील. १९६७ चा करार कक्षेत अण्वस्त्रे ठेवू देत नाही, पण उपग्रह फोडण्याला त्यात स्पष्ट बंदी नाही. ती बंदी घालणे हे साऱ्याच देशांच्या हिताचे आहे, आपल्याही.