निळ्या डोळ्यांचे ‘सोल’ : एका ध्वनिमुद्रिकेचा इतिहास

स्वरांना वर्ण नसतो, असे म्हणण्याची रीत आहे. गाण्यांच्या बाजारपेठेला मात्र तो असतो, हे अमेरिकेच्या संगीताचा इतिहास चाळताना पदोपदी जाणवते. तेथे कृष्णवर्णीयांची नभोवाणी केंद्रे वेगळी, गोऱ्यांची वेगळी आणि लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवाऱ्याही वेगळ्या, अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली होती. ही सीमारेषा ओलांडून गेलेल्या एका गाण्याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. ते गाणे म्हणजे ‘रायचस ब्रदर्स’ या जोडीचे १९६४ मधील ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’.

बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड हे नावाने ‘ब्रदर्स’ असले तरी भाऊ नव्हते. दोघेही कॅलिफोर्नियात वाढलेले गोरे तरुण. परंतु त्यांचा गळा घडला तो कृष्णवर्णीयांच्या गाण्यावर. चर्चमधील भक्तिगीतांची आर्तता लौकिक प्रेमगीतांत उतरून जे ‘सोल’ संगीत निर्माण झाले, ते त्यांनी मनःपूर्वक आत्मसात केले होते. त्यांचे नावही तेथूनच आले. एल टोरो येथील लष्करी तळावरचे कृष्णवर्णीय मरीन सैनिक त्यांचे गाणे ऐकायला येत आणि उत्तम गाण्याला आपल्या बोलीतील ‘रायचस’ या शब्दाने दाद देत. ती दादच या जोडीने नाव म्हणून स्वीकारली.

निर्माता फिल स्पेक्टर याने १९६४ मध्ये या दोघांना हेरले व बॅरी मान आणि सिंथिया वाइल या गीतकार दांपत्याकडे गाण्याची मागणी केली. या दांपत्यापुढे नमुना होता तो डेट्रॉइटच्या ‘फोर टॉप्स’ या कृष्णवर्णीय गायकांच्या ‘बेबी आय नीड युवर लव्हिंग’ या गाण्याचा. ध्रुवपदाची मुख्य ओळ त्यांनी केवळ जागा भरण्यासाठी घातली होती. पुढे अधिक चांगली सुचेल अशी त्यांची कल्पना होती. स्पेक्टरने ती बदलू दिली नाही. पुढे तीच ओळ जगभर गायली गेली.

ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या ‘गोल्ड स्टार’ स्टुडिओत झाले. तेथील घुमाऱ्याच्या खोल्या प्रसिद्ध होत्या. एकाच प्रकारची अनेक वाद्ये एका वेळी वाजवायची आणि त्यांचा एकत्रित नाद या खोल्यांतून घुमवून घ्यायचा, ही स्पेक्टरची पद्धत ‘ध्वनीची भिंत’ म्हणून ओळखली जाते. संगीत संयोजक जीन पेज, ढोलवादक अर्ल पामर आणि साथीला गाणाऱ्या ‘ब्लॉसम्स’ या गायिका, हे सर्व कृष्णवर्णीय होते. तेव्हा ‘गोऱ्यांचे सोल’ घडविणारे सर्वच हात गोरे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

गाण्याचा आरंभ मेडलीच्या एकट्याच्या, जवळजवळ मंद्रातल्या आवाजाने होतो. तोपर्यंत आपण काय करायचे, असे हॅटफील्डने विचारले असता, तू सरळ बँकेत जा, असे स्पेक्टरने सुनावल्याचे सांगतात! तयार झालेले गाणे दूरध्वनीवरून ऐकताना मानला वाटले की तबकडी चुकीच्या, मंद गतीने फिरते आहे. शिवाय गाण्याची लांबी ३ मिनिटे ४५ सेकंद. इतकी लांब गाणी लावण्यास नभोवाणीवाले नाखूश असत. म्हणून स्पेक्टरने तबकडीवर ३ मिनिटे ५ सेकंद एवढेच छापले. चाळीस सेकंदांचे हे असत्य श्रोत्यांनी आनंदाने पचवले.

फेब्रुवारी १९६५ मध्ये हे गाणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ब्रिटनमध्ये सिला ब्लॅक हिने गायलेली आवृत्ती त्याच सुमारास बाजारात होती. तिला मागे टाकून मूळ गाणे पुढे गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या केंद्रांवरही ते वाजू लागले. गायक गोरे आहेत हे अनेक श्रोत्यांना ठाऊकच नव्हते. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय निवेदक जॉर्जी वुड्स यांनी याच सुमारास अशा गायकीला ‘ब्लू-आइड सोल’, म्हणजे निळ्या डोळ्यांचे सोल, असे नाव दिल्याचे मानले जाते. हे नाव, ज्यांची ही गायकी होती त्यांनीच दिले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्यात थोडी थट्टा आहे आणि आपलेपणाही आहे.

तरीही हिशेब पुरा मांडला पाहिजे. ज्या गाण्यावरून स्फूर्ती घेतली, ते ‘फोर टॉप्स’चे गाणे त्याच वर्षी अकराव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते, त्यापासून स्फुरलेले गाणे पहिले आले. सर्व दोष वर्णभेदाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ‘सुप्रीम्स’ या कृष्णवर्णीय गायिका १९६४ मध्येच शिखरावर पोहोचल्या होत्या आणि ‘फोर टॉप्स’नाही १९६५ मध्ये पहिला क्रमांक लाभला. परंतु उसने घेतलेली वस्तू कधीकधी मूळ मालकाच्या घरापेक्षा दुसऱ्याच घरी अधिक मान पावते, हे सत्य उरतेच.

१९९९ मध्ये ‘बीएमआय’ या हक्कसंस्थेने, विसाव्या शतकात अमेरिकेच्या नभोवाणी व दूरचित्रवाणीवर सर्वाधिक वेळा वाजलेले गाणे म्हणून याचीच नोंद केली. ती संख्या ऐंशी लाखांहून अधिक होती. २००३ च्या नोव्हेंबरात हॅटफील्ड निवर्तला. स्पेक्टरला एका अभिनेत्रीच्या हत्येबद्दल २००९ मध्ये दोषी ठरविण्यात आले आणि २०२१ मध्ये बंदिवासातच त्याचा अंत झाला. गीतकार वाइल २०२३ मध्ये गेल्या. निर्मात्याच्या दुष्कृत्याने गाणे कलंकित होत नाही आणि गाण्याच्या थोरवीने ते दुष्कृत्यही धुतले जात नाही.

कला दुसऱ्याकडून घेण्यात कमीपणा नाही. घेतली कोणाकडून, हे विसरण्यात तो आहे. हे गाणे कानी पडले म्हणजे निळ्या डोळ्यांच्या त्या दोघांबरोबर, त्यांना ‘रायचस’ म्हणणाऱ्या सैनिकांचेही स्मरण व्हावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.