बुडखा उपटावा की ओलांडावा? दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका नांगराचा इतिहास

१/ झाड तोडण्याची मजुरी वेगळी आणि त्याचा बुडखा जमिनीतून काढण्याची मजुरी वेगळी. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात आज हे दुसरे काम यंत्राने होते आणि त्याचा दर बहुधा बुडख्याच्या व्यासावरून ठरतो. अंगणातल्या एका बुडख्याचाही खर्च घरमालकाला जड वाटतो. मग शेकडो एकर जमीनच बुडख्यांनी भरलेली असेल तर? एकोणिसाव्या शतकात एका संपूर्ण वसाहतीपुढे हा हिशेब उभा राहिला होता. हा धागा त्या हिशेबाचा.

२/ ब्रिटिशांनी १८३६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन केली. येथील शेतीचा मुख्य आधार गहू. जमीन मुबलक, मजूर मात्र थोडे आणि म्हणून महाग. मनुष्यबळ वाचवणाऱ्या अवजारांचा शोध ही येथील शेतकऱ्यांची गरजच होती. १८४३ मध्येच उभ्या पिकाची कणसे ओरबाडून घेणारे यंत्र या वसाहतीत तयार झाले होते. परंतु कापणीचा प्रश्न सुटला तरी नांगरणीचा प्रश्न शिल्लक राहिला. त्या प्रश्नाचे नाव होते मॅली.

३/ मॅली म्हणजे कमी पावसाच्या प्रदेशात वाढणारी, निलगिरीच्या कुळातील ठेंगणी झाडे. यांना एक सरळ खोड नसते. जमिनीलगत एक मोठी लाकडी गाठ असते आणि तिच्यातून अनेक फांद्या वर येतात. या गाठीत सुप्त कोंब आणि अन्नाचा साठा असतो. वणवा लागो वा कुऱ्हाड चालो, गाठ जिवंत राहते आणि पुन्हा फुटते. उसाचा खोडवा कसा येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चटकन उमजेल. फरक एवढाच की हा खोडवा कोणालाच नको होता.

४/ ही भूमी निर्मनुष्य नव्हती, हे येथेच नोंदवले पाहिजे. आपल्या कथेचे केंद्र असलेला यॉर्क द्वीपकल्प हा नरंगा लोकांचा प्रदेश. वसाहतीच्या कागदपत्रांत जिला झुडपांची निरुपयोगी जमीन म्हटले गेले, ती त्यांच्यासाठी अन्न, पाणी आणि श्रद्धास्थानांची भूमी होती. जमीन साफ करण्याच्या खर्चाचे जे आकडे पुढे येतील, त्यांत नरंगा लोकांनी गमावलेले काहीही मोजलेले नाही.

५/ १८६६ मध्ये वसाहतीच्या सरकारने झुडपी जमिनींसाठी कायदा केला. शेतकऱ्याने जमीन भाडेपट्ट्याने घ्यावी, दरवर्षी ठरावीक भाग साफ करावा आणि पुढे ती विकत घ्यावी, अशी ही योजना होती. कागदावर ती सुटसुटीत दिसे. परंतु झुडूप कापणे म्हणजे जमीन साफ होणे नव्हे. नांगर चालायचा तर जमिनीखालच्या गाठी खणून काढणे भाग होते. हे काम कुदळ, कुऱ्हाड, पहार आणि माणसाच्या पाठीच्या बळावर होत असे.

६/ आता खर्च पाहू. मॅलीच्या गाठी खणून काढण्याचा अंदाजी खर्च एकरी २ ते ७ पौंड होता. याच वसाहतीत सरकारी जमिनीचा किमान दर दीर्घकाळ एकरी १ पौंड होता. म्हणजे जमिनीच्या किमान किमतीहून तिच्यातील बुडखे काढण्याचा खर्च दुपटीपासून सातपटीपर्यंत अधिक! १०० एकरांच्या शेतासाठी २०० ते ७०० पौंड, आणि तेही गव्हाचा एक दाणा पेरण्यापूर्वी. नवख्या शेतकऱ्याजवळ एवढे भांडवल कोठून येणार?

७/ यावर पहिली तोड काढली ती शेतकऱ्यांनीच. वासलीज गावच्या मलेन नावाच्या शेतकऱ्यावरून तिला ‘मलेनायझिंग’ असे नाव पडले. अवजड रूळ ओढून झुडपे चिरडायची, वाळली की पेटवून द्यायची आणि राखेत गहू पेरायचा. पीक निघाल्यावर धसकटे आणि नवे फुटवे पुन्हा जाळायचे. काही वर्षे असे करत राहिले की गाठी हळूहळू मरत. खर्च कमी येई. मात्र गाठी जमिनीतच राहत, त्यामुळे खोल नांगरट अशक्यच होती.

८/ साध्या नांगराचे अशा जमिनीत काय होत असे? फाळ गाठीवर आदळे. मग एक तर फाळ मोडे, किंवा नांगराचा सांगाडा वाकडा होई, किंवा घोड्यांना हिसका बसून ती जायबंदी होत. दर काही पावलांवर थांबून नांगर उचलायचा, पलीकडे ठेवायचा आणि पुन्हा निघायचे. दुरुस्तीचा खर्च आणि वाया गेलेला दिवस, दोन्ही शेतकऱ्याच्याच माथी.

९/ येथे रिचर्ड बॉयर स्मिथ यांचा प्रवेश होतो. यॉर्क द्वीपकल्पावरील आर्थरटनजवळच्या परिसरात, भाऊ क्लॅरेन्स यांच्या साहाय्याने, त्यांनी १८७६ मध्ये एक नवा नांगर घडवला. नांगरताना एक बोल्ट तुटला, सैल झालेला फाळ बुडख्यावरून सहज घसरून पुढे गेला आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथा कशीही असो, नांगर खरा होता. त्याच वर्षी तो मूंटा येथील कृषी प्रदर्शनात मांडला गेला.

१०/ त्याची रचना पाहण्याजोगी आहे. साध्या नांगरात फाळ सांगाड्याला घट्ट जखडलेले असतात. स्मिथ यांच्या नांगरात प्रत्येक फाळ स्वतंत्र बिजागरीवर बसवलेला होता. फाळ बुडख्याला अडला की तेवढाच वर उचलला जाई, बुडखा ओलांडे आणि वजनाच्या दाबाने पुन्हा मातीत शिरे. बाकीचे फाळ आपले काम करत राहत. घोडे थांबवावे लागत नसत. बुडखा ओलांडणारा नांगर म्हणून तो प्रसिद्ध झाला.

११/ आता इतिहासातील एक गंमत पाहा. १८७८ मध्ये, म्हणजे हा नांगर जाहीर प्रदर्शनात येऊन दोन वर्षे झाल्यानंतर, सरकारने बुडखे उपटणारे परिणामकारक यंत्र बनवणाऱ्यास २०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. सर्वांत स्वस्त दर धरला तरी ही रक्कम अवघ्या १०० एकरांतील गाठी काढण्याच्या खर्चाइतकी होती. यंत्रे आली, पण त्यांनी प्रश्न सुटला नाही. सरकार बुडखा उपटण्याचे साधन शोधत होते. स्मिथ यांनी तो उपटण्याची गरजच दूर केली होती.

१२/ उत्तर समोर असूनही ते ओळखता का येऊ नये? कारण ‘चांगली शेती’ म्हणजे काय, याची कल्पना वसाहतकारांनी इंग्लंडमधून सोबत आणली होती. स्वच्छ रान, सरळ तास, एकसारखी खोली. जमिनीत बुडखे ठेवून नांगरणे हा त्या दृष्टीने आळशीपणाच ठरे. परंतु अडथळ्यासह जमीन कसता येते, हे मान्य करताच एकरी २ ते ७ पौंडांचा प्रश्न पुष्कळसा हलका झाला. रूळ, आग आणि हा नांगर यांची जोडी जमली.

१३/ स्मिथ यांना काय मिळाले? त्यांनी १८७७ मध्ये पेटंट नोंदवले, पण पुढे त्याचे नूतनीकरण झाले नाही. इतर कारागिरांनी आपापल्या आवृत्त्या घडवून विकल्या. १८८२ मध्ये सरकारने स्मिथ यांना ५०० पौंड देऊन त्यांच्या कामाची दखल घेतली. क्लॅरेन्स यांनी आर्ड्रॉसन येथे कारखाना काढून हा नांगर अधिक सुधारला. पुढे व्हिक्टोरियाच्या मॅली प्रदेशात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातही हे तत्त्व पसरले.

१४/ पण हिशेब येथे संपत नाही. साफसफाई स्वस्त झाली, तसे रेताड जमिनीचे विस्तीर्ण पट्टे नांगराखाली आले. मुळांचे जाळे गेल्यावर वाळू उडू लागली. १९३० आणि १९४० च्या दशकांत मॅली प्रदेशातील धूप आणि धुळीची वादळे गंभीर बनली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९३९ मध्ये मृदसंधारणाचा कायदा केला. खोल मुळे जे पाणी शोषून घेत, ते आता झिरपून भूजलाची पातळी चढवू लागले आणि कित्येक ठिकाणी मीठ वर आले.

१५/ मॅलीच्या गळलेल्या पालापाचोळ्याने मातीचा ढीग रचून त्यात अंडी उबवणारा मॅलीफाउल पक्षी आज संकटग्रस्त आहे. १९९१ च्या कायद्याने दक्षिण ऑस्ट्रेलियात मूळची वनस्पती तोडण्यावर कठोर नियंत्रण घातले. ज्या भूमीवर दरवर्षी झाडी साफ करणे ही भाडेपट्ट्याची अट होती, तेथे आता साफ करण्यासाठी परवानगी मागावी लागते. सव्वाशे वर्षांत कायदा पूर्ण उलट फिरला.

१६/ एक धागा मात्र अखंड आहे. बुडखा कातणारे आजचे यंत्र १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. तेही बुडखा उपटत नाही. जमिनीच्या पृष्ठभागाखाली थोड्या खोलीपर्यंत त्याचा भुसा करते आणि मुळे तशीच सोडते. मुळांसकट सारे खणून काढायचे तर खर्च कितीतरी वाढतो. म्हणजे घरमालकही आडव्या येणाऱ्या भागापुरतेच पैसे मोजतो. स्मिथ यांचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

१७/ म्हणून जमीन ‘साफ’ केल्याचा कोणताही जुना आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. किती खोलपर्यंत साफ केली? खर्च कोणी दिला? आणि जो खर्च त्या वेळी मोजला गेला नाही, तो पुढे कोणाच्या वाट्याला आला? यॉर्क द्वीपकल्पावर पहिल्याचे उत्तर नांगराच्या बिजागरीत सापडते आणि दुसऱ्याचे शेतकऱ्याच्या वहीत. तिसऱ्याचे उत्तर नरंगा लोकांच्या इतिहासात आहे आणि उडून गेलेल्या मातीत आहे.

धागा समाप्त. आपल्याकडे रान मोडून शेत करताना बुडखे कसे काढत, याविषयी घरातील जुन्या माणसांकडून काही ऐकले असेल तर खाली अवश्य लिहा.