तळघरातला नळ: पाणी, सांडपाणी की भुयार?

जुनं घर उतरवताना किंवा तळघर झाडताना भिंतीत एखादं भोक लागतं. आत खापराची नळी दिसते, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं की अमक्याच्या घरात भुयार निघालं. ते भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं, त्यात मोहरांचे हंडे असतात, आणि चार दिवसांत त्यातून घोडेस्वारही जायला लागतो. २०१९ मध्ये पुण्यात स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात बांधीव बोगदा लागला, तेव्हाही असंच झालं. जाणकारांनी पाहिलं, तर तो पाण्याचा मार्ग होता.

आपण म्हसावदला बसलोय. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. या उतारावरून पाणी जमिनीखालून नदीकडे झिरपतं, हे आपल्या खानदेशाला चारशे वर्षांपूर्वीच नीट कळलं होतं. तापीकाठचं बऱ्हाणपूर हे मुघलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं. तिथे १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या, आणि निव्वळ उताराच्या जोरावर ते शहरात आणायचं. मोट नाही, रहाट नाही. आत उतरलं की भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर दिसतात. आमच्या दृष्टीने हा थर म्हणजे दस्तऐवजच. नळात असा कठीण पांढरा थर असेल, तर त्यातून बहुधा जमिनीतलं स्वच्छ पाणी वर्षानुवर्षं वाहिलंय. काळा, चिकट, वास मारणारा गाळ असेल, तर मोरी.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने नहर आणली, तिथे खापराचे नळ एकात एक बसवून चुन्याच्या बांधकामात गाडलेले सापडतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७४९-५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून पाणी शहरात आणलं, आणि ते वाड्यांच्या हौदांपर्यंत पोचलं. पुण्यातला नळ माणूस आत शिरून गाळ काढू शकेल एवढा मोठा होता. त्यामुळे त्याला भुयार समजणाऱ्यांना फार दोष देता येत नाही! पण पुढे काय झालं? नव्या इमारतींच्या पायांनी नळ तोडले, कुणी बुजवले, आणि फुटक्या जागांतून सांडपाणी आत शिरलं. ज्याने आपल्या संडासाचा पाइप हाताशी आलेल्या ‘रिकाम्या’ नळात सोडला, त्याला ते पाणी पुढे कुणाच्या हौदात उतरतंय याचा पत्ताच नव्हता.

म्हणून नळी सापडली की आधी उतार बघा. खापराच्या नळाचं रुंद तोंड साधारणपणे वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं त्या दिशेला ठेवतात. त्यावरून पाणी घरात येत होतं की बाहेर जात होतं, ते समजतं. भिंतीतून उभी खाली आलेली नळी असेल, तर मान वर करा. धाब्याच्या घरात ती बहुधा पावसाचं पाणी उतरवणारी परनाळ असते. जमिनीलगतची आडवी नळी न्हाणीच्या मागे निघत असेल, तर कोडं तिथेच सुटलं.

वस्तूवरूनही काळ कळतो. चकचकीत तपकिरी मुलाम्याचे चिनी मातीचे पाइप इंग्रजी अमदानीतल्या गटारांबरोबर आले. बिडाच्या पाइपावर कारखान्याचं नाव, कधी सालही उठावात असतं, पुसून वाचा. सांध्यात शिसं ओतलेलं दिसलं, तर तो बहुधा दाबाच्या पाण्याचा जुना नळ. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं, त्यानंतर असे नळ शहरोशहरी वाढत गेले. खेड्यात मात्र ते फार उशिरा पोचले. त्यामुळे बिडाचा नळ दिसला म्हणून घर शंभर वर्षांचं, असं गणित मांडू नका.

आणखी एक खड्डा फसवतो. गोल, आत रुंद, तोंड अरुंद, आणि नळी कुठलीच नाही. ते पेव, धान्य साठवायचं. ‘पेव फुटलं’ म्हणतो ना आपण, तेच. यात मात्र उत्सुकतेपोटी उतरू नका. बंद पेवात कोंडलेल्या हवेत प्राणवायू उरलेला नसतो, आणि आत उतरलेली माणसं यानेच दगावली आहेत. पूर्वी दिवा सोडून बघत. पण जुन्या गटारात पेट घेणारा वायू असू शकतो, तिथे दिवा नेणं म्हणजे दुसरंच संकट.

मग तपासायचं कसं? नळी फुटकी नाही आणि ती कुणाच्या विहिरीकडे जात नाही याची खात्री झाली, की बादलीभर पाण्यात हळद कालवून सोडा, आणि एका माणसाला बाहेर, उताराच्या बाजूला उभं करा. पिवळं पाणी निघालं तर वाट कळली. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, गावठाणाचा नकाशा काढून बघा. आणि कुठूनच काही निघालं नाही, तरी लगेच सिमेंट घालून तोंड बंद करू नका. ती जर अंगणातलं पाणी वाहून नेणारी वाट असेल, तर पावसाळ्यात ते पाणी मातीच्या भिंतीच्या पायात मुरतं, आणि श्रावणात एखाद्या रात्री भिंत बसते. एक पावसाळा नळीचं तोंड उघडं ठेवा, वर जाळी लावा, आणि झडीच्या दिवसांत रोज बघा काय येतंय ते.