गिरमिटाचा कागद



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि एक ताई मागे थांबली. चाळिशीची बाई, शाळा सातवीपर्यंत झालेली. तिने पिशवीतून चार पानांचा एक इंग्रजी कागद काढला. आखाती देशात एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकाचं काम, दोन वर्षांसाठी. म्हणाली, "मॅडम, बॅग घेतली, चटण्या कुटल्या, पापड झाले. सगळी तयारी झाली. सही तेवढी राहिलीय." मी विचारलं, "पगार कुठल्या पानावर लिहिलाय?" ती म्हणाली, "ते काय ठाऊक नाही. एजंटाने तोंडी सांगितलाय."

घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. परदेशी कामाला जाणाऱ्या गरीब माणसाचा आणि न वाचलेल्या कागदाचा संबंध जुना आहे. आज तीच गोष्ट सांगते.

गिरमिट म्हटलं की आपल्याला सुताराचं भोक पाडायचं हत्यार आठवतं. पण नाताळला आणि फिजीला ऊसमळ्यांवर गेलेले आपले लोक 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाला गिरमिट म्हणू लागले. करारावर गेलेला तो गिरमिटिया. या कराराच्या पद्धतीची मोठी सुरुवात झाली मॉरिशसमध्ये. हिंदी महासागरातलं हे छोटं बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथे ऊस पिकवायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. 1835 मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. त्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून आलेले 36 मजूर तिथे उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांत आपल्या कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही होती.

या लोकांची तयारी काय असेल? एखादं गाठोडं, एक लोटा, देवाचा अंगारा. गावात येऊन माणसं गोळा करणारा दलाल सांगायचा की तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. ही आठवण मॉरिशसमधली म्हातारी माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली. कागदावर मात्र सोनं नव्हतं. सुरुवातीच्या करारांत होता महिन्याला 5 रुपये पगार, वर शिधा आणि पाच वर्षांची बांधिलकी. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशीही रीत होती. तिला 'डबल कट' म्हणत. दलालाने सांगितलं ते एक, कागदावर होतं ते दुसरं. आणि कागद वाचता येणारा माणूस त्या रांगेत क्वचितच असे.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र नाही. 1837 च्या कायद्याने ठरलं की जाणाऱ्याने आणि त्याला नेणाऱ्या एजंटाने अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं आणि कराराच्या अटी लेखी दाखवायच्या. तरी फसवणूक थांबेना. ओरड वाढली तेव्हा 1839 मध्ये मजूर नेण्यावरच बंदी आली. 1842 मध्ये मॉरिशससाठी वाट पुन्हा उघडली. पुढे आणखी एक गोष्ट घडली. करार संपल्यावर फुकट परत आणून सोडण्याचा जो हक्क होता, तोच 1850 नंतरच्या दोन-तीन वर्षांत काढून घेतला. जायचं भाडं मालकाचं, यायचं ज्याचं त्याने बघायचं. अनेकांना परतीची वाट बंद झाली ती अशी.

पोर्ट लुईस बंदरात आजही त्या काळच्या डेपोच्या सोळा पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेली माणसं त्या चढून वर येत. तिथे प्रत्येकाचं नाव लिहून त्याला नंबर दिला जाई. बायकांचीही नोंद होई. या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात. 2006 पासून ती जागतिक वारसास्थळ आहे.

1867 च्या कायद्याने तर पाच वर्षं पूर्ण केलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास सतत जवळ ठेवायला लावलं. पास नसला की पकडायचे. शेवटी 1871 मध्ये या जुन्या मजुरांनी इंग्लंडच्या राणीकडे अर्ज केला. तो लिहून द्यायला आदोल्फ द प्लेवित्झ नावाचा एक युरोपीय मळेवाला पुढे आला. अर्जावर 9,401 जणांच्या सह्या होत्या. मला या गोष्टीत हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या हातांनी न वाचता करारावर अंगठे दिले, तेच हात पुढे आपल्या तक्रारीवर उठले. चौकशीला आयोग आला आणि 1878 मध्ये मजुरांचा कायदा सुधारला.

ही सगळी पद्धतच बंद करा, असा ठराव मार्च 1912 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळात मांडला तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तो ठराव हरला. पण 1917 मध्ये करारावर मजूर पाठवणं थांबलं. ते पाहायला गोखले नव्हते, ते 1915 मध्येच गेले.

मॉरिशसला गेलेल्यांची पतवंडं आज तिथे शिक्षक आहेत, मंत्री झाली आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी अजून नाचतात. म्हणून मी कुणाला 'जाऊ नको' म्हणत नाही. परक्या मुलखात घर उभं करणाऱ्या बायकांचं मला कौतुकच आहे. पण त्यांना जे विचारता आलं नाही, ते आपल्याला विचारता येतं.

आज 1983 चा कायदा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. हा शिक्का म्हणजे अडवणूक वाटते खरी. पण कागद अधिकाऱ्यापुढे दाखवा, ही 1837 मधलीच अट आहे ती. एजंटाकडे सरकारी परवाना आहे का, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर बघता येतं.

त्या गुरुवारी आम्ही पाच-सहा जणी ताईच्या ओसरीवर बसलो. गटातल्या एकीची कॉलेजला जाणारी मुलगी वाचत होती, मी वहीत मराठीत उतरवत होते. पगार किती, कुठल्या चलनात? काम किती तास? आजारी पडलं तर? पासपोर्ट कुणाकडे राहणार? परतीचं भाडं कुणाचं? तोंडी सांगितलेल्यापेक्षा कागदावरचा पगार कमी निघाला. परतीच्या भाड्याबद्दल एक ओळही नव्हती.

ताईने शुक्रवारी सही केली नाही. खरा आकडा आणि परतीचं भाडं कागदावर लिहून आणा, असा निरोप तिने एजंटाला धाडला. उत्तर अजून यायचं आहे. बॅग कोपऱ्यात भरलेली आहे आणि मराठीत उतरवलेलं ते पान तिने वरच्याच कप्प्यात ठेवलंय.

तुमच्या गटात कुणी निघालं असेल, तर पापड लाटायला बसाल तेव्हा तो कागदही मध्ये ठेवा.