चारशे एक्कावन्नच्या पुढचं पान

जालन्यात रविवारी मुलांना क्रिकेट शिकवताना मी विजय झोलची खेळी हमखास सांगायचो: २०११, कूचबिहार करंडक, आसामविरुद्ध नाबाद ४५१. पण आमची मुलं शेवटच्या षटकात हरली की शब्द सुचायचे नाहीत. त्यांच्याआधी माझेच हात थरथरायचे.

आता पुढचं पानही सांगतो. २०१४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात गतविजेत्या भारताचा कर्णधार हाच जालन्याचा मुलगा होता. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने तीन गडी राखून हरवलं. रडवेली मुलं गप्प ऐकतात.

"सर, मग त्याने काय केलं?"

"महाराष्ट्राकडून रणजी खेळत राहिला."

हे सांगताना माझा आवाजही ताळ्यावर येतो. मग आम्ही स्टंप उपटून किट भरतो.